चिनीला इथे काम काय?

2017 च्या हिवाळ्यात हाँगकाँगमधल्या आमच्या जुन्या इमारतीच्या लिफ्टमध्ये एक कागद चिकटवलेला होता. दाट चिनी अक्षरं, मध्येच दोन-तीन आकडे, खाली लाल शिक्का. पाचव्या मजल्यावरच्या पो-पो, म्हणजे आजी, मला त्या दिवशी लिफ्टमध्ये दोनदा भेटल्या आणि दोन्ही वेळा कागदाकडे बोट दाखवून कळकळीने काहीतरी सांगत राहिल्या. मी हसून मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता केसांना शांपू लावलेला असताना नळ कोरडा पडला. सांगलीत पाणी कधी जाणार हे कोणी सांगत नाही. इथे सांगतात, पण चिनीत.

माझी मुलगी रेवा तेव्हा आठ वर्षांची होती आणि तीन वर्षं एका आंतरराष्ट्रीय शाळेत चिनी शिकत होती. संध्याकाळी मी तिला लिफ्टपाशी उभं केलं. तिने कागद वरून खाली पाहिला.

“हे ‘पाणी’ आहे, आई. पाण्याचं काहीतरी आहे.”

“काहीतरी म्हणजे काय?”

“ते नाही शिकवलं आम्हाला.”

मी ऑडिटच्या कामात आयुष्य काढलं आहे. सांगलीच्या एका सीएंच्या ऑफिसात उमेदवारी केली, तिथून पुणे, आणि 2012 मध्ये नवऱ्याच्या नोकरीपायी हाँगकाँग. छापील अहवाल कितीही गुळगुळीत असला तरी व्हाउचर, म्हणजे त्यामागचा मूळ कागद, बघितल्याशिवाय सही करायची नाही, हे आमच्या सरांनी पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. मुलीच्या शाळेच्या बाबतीत मात्र मी अहवालावरच सही करून बसले होते. माहितीपत्रकात लिहिलं होतं, ‘इंग्रजी आणि चिनी, दोन्ही भाषांत उत्तम शिक्षण’. मी व्हाउचर मागितलंच नव्हतं.

त्या नळामुळे मी पुन्हा हिशेब मांडायला बसले. पुढच्या आठ वर्षांत जे कळलं ते इथे लिहिते आहे. हाँगकाँग, सिंगापूर, शांघायला निघालेल्या मराठी घरांमधून मला फोन येतात आणि पहिला प्रश्न एकच असतो: “चिनी आणि इंग्रजी दोन्ही चांगलं असलेली शाळा कुठली?” मी शाळेचं नाव सांगत नाही. उलट एक प्रश्न देते आणि सांगते, तो घेऊन शाळा बघायला जा: चिनीला इथे काम काय?

चिनी म्हणजे कुठली चिनी?

काम कळण्याआधी भाषा कुठली ते कळायला हवं, आणि हाँगकाँगमध्ये नेमका तिथेच पहिला घोटाळा होतो. इथल्या रस्त्यावरची भाषा कँटोनीज आहे. 2021 च्या जनगणनेत सुमारे 88 टक्के लोकांनी तीच आपली रोजची भाषा सांगितली; चीनची प्रमाणभाषा मँडरिन सांगणारे दोन-अडीच टक्केच निघाले. आंतरराष्ट्रीय शाळा मात्र शिकवतात ती बहुतेक सगळीकडे मँडरिन. कँटोनीज बोलणाऱ्याला मँडरिन कानाने आपसूक कळत नाही. मँडरिनमध्ये चार सूर, शिवाय एक हलका, कँटोनीजमध्ये सहा. मेट्रोत बसलं की दाराच्या सूचना आधी कँटोनीजमध्ये, मग मँडरिनमध्ये, मग इंग्रजीत येतात. शहराचं सगळं भाषाधोरणच त्या तीन वाक्यांत ऐकू येतं. 1974 पर्यंत सरकारदरबारी फक्त इंग्रजी होती; त्या वर्षी चिनी अधिकृत झाली. 1997 मध्ये शहर ब्रिटनकडून चीनकडे गेलं आणि पुढे धोरण ठरलं ते ‘दोन लिखित भाषा, तीन बोली’ असं.

दुसरा घोटाळा लिपीचा. हाँगकाँग आणि तैवानमध्ये पारंपरिक अक्षरं चालतात. चीनने 1956 पासून अक्षरं सोपी करायला घेतली; सिंगापूरनेही पुढे तीच स्वीकारली. ‘ड्रॅगन’चं पारंपरिक अक्षर लिहायला 16 रेघा लागतात, सोप्या रूपात 5. ‘शिकणे’ 16 वरून 8 वर आलं. ‘प्रेम’ या अक्षराच्या मधोमध ‘हृदय’ बसलेलं असायचं. सोपं करताना तेच गळालं, आणि इथले म्हातारे त्यावरून अजून टोमणे मारतात. एक लिपी आली की दुसरी अगदीच परकी राहत नाही. गुजराती पाटी वाचणाऱ्या मराठी माणसाची जी गत होते ती होते: अर्धं वाचायचं, अर्धं ओळखायचं.

आमच्या पहिल्या शाळेत मँडरिन आणि सोपी लिपी शिकवत होते. लिफ्टमधला कागद पारंपरिक लिपीत होता आणि पो-पो कँटोनीजमध्ये बोलत होत्या. थोडक्यात, रेवा जे शिकत होती त्याला आमच्या इमारतीत गिऱ्हाईकच नव्हतं. म्हणून ते शिकणं फुकट असं नाही. पुढे चीनमध्ये किंवा सिंगापुरात राहायचं असेल तर तीच लिपी उपयोगाची. पण तो निर्णय आपण घेतलेला असावा. आम्ही तो घेतला नव्हता, आमच्यासाठी तो आपोआप झाला होता. शाळेत पाय ठेवण्याआधी नवरा-बायकोने स्वयंपाकघरात बसून ठरवावं: मुलाला चिनी कुणाशी बोलायला हवी आहे? इथल्या भाजीवाल्याशी, बीजिंगच्या कचेरीशी, की विद्यापीठाच्या अर्जाशी?

तासांचा हिशेब

मग मी वेळापत्रक काढलं. पहिल्या शाळेत चिनीचे आठवड्याला चार तास होते आणि एक तास चाळीस मिनिटांचा. म्हणजे आठवड्याला 160 मिनिटं. शाळेचे 36 आठवडे धरले तर वर्षाला 96 तास. त्यातून गाणी, कागदी कंदील, चिनी नववर्षाला मोमोसारख्या करंज्या वळणं, वार्षिक संमेलनाच्या तालमी हे सगळं जाणार.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची एक संस्था आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसाला मँडरिन कामापुरती यायला 2200 तासांचे वर्ग लागतात असा तिचा अंदाज आहे. स्पॅनिशला याच्या साधारण एक तृतीयांश. 2200 ला 96 ने भागा. तेवीस वर्षं येतात. मूल आणि अधिकारी यांची बरोबरी नको, हे मला मान्य आहे. मुलांचे कान ताजे असतात. पण अधिकारी दिवसभर तेच एक काम करतो, आणि मुलाच्या डोक्यात मधल्या सुट्टीतला फुटबॉल असतो.

एवढे तास जातात ते मुख्यतः लिपीत. देवनागरी आली की माहीत नसलेला शब्दही वाचता येतो. चिनीत प्रत्येक अक्षर वेगळं गाठायचं. चीनमधल्या अभ्यासक्रमात प्राथमिक शाळा संपेपर्यंत सुमारे 3000 अक्षरं ओळखता यावीत आणि त्यातली 2500 लिहिता यावीत अशी अपेक्षा असते. रोमन अक्षरांतून उच्चार लिहायची ‘पिनयिन’ पद्धत 1958 पासून आहे, आणि तिच्यामुळे सुरुवात सोपी होते. धोकाही तिचाच. मूल पिनयिन वाचतं, आपल्याला वाटतं चिनी वाचतंय. लिफ्टमधल्या कागदावर पिनयिन नसते.

हा हिशेब केल्यावर माहितीपत्रकातलं ‘उत्तम’ माझ्या नजरेतून उतरलं आणि मी शाळांकडे तासांच्या भाषेत बघायला लागले.

तीन तऱ्हेच्या शाळा

बाहेरून सगळ्या ‘आंतरराष्ट्रीय’ दिसल्या तरी चिनीच्या बाबतीत हाँगकाँगच्या शाळा ढोबळमानाने तीन तऱ्हांच्या आहेत.

पहिल्या तऱ्हेत कारभार इंग्रजीचा आणि चिनी हा रोजचा एक विषय. 1967 मध्ये कायद्याने स्थापन झालेल्या इंग्लिश स्कूल्स फाउंडेशनच्या शाळा या वळणाच्या. इंग्रजी भक्कम, शिवाय निरनिराळ्या देशांची मुलं. चिनी किती येईल ते मूल कुठल्या गटात पडतं आणि घरी काय चालतं यावर.

दुसऱ्या तऱ्हेत दोन्ही भाषांना वर्गात जागा असते. यू चुंग ही 1932 मध्ये सुरू झालेली संस्था. तिच्या प्राथमिक वर्गात एक चिनी आणि एक पाश्चात्त्य अशा दोन शिक्षिका एकत्र शिकवतात. नॉर्थ पॉइंटच्या डोंगरावरचं चायनीज इंटरनॅशनल स्कूल 1983 मधलं, दोन भाषांच्याच पायावर उभं राहिलेलं. 1991 मध्ये इथे आलेली सिंगापूर इंटरनॅशनल स्कूल सिंगापूरच्या धर्तीवर चिनी शिकवते आणि सोपी लिपी वापरते.

तिसऱ्या तऱ्हेत लहानपणीची वर्षं मुख्यतः चिनीत आणि इंग्रजीचा वाटा हळूहळू वाढत जाणारा. 2003 मधली आयएसएफ अकॅडमी या बाजूची. अशा ठिकाणी घरात कोणालाच चिनी येत नसेल तर पहिली दोन वर्षं मुलाला आणि आईबापांना जड जातात.

आणखी एक दार असतं आणि मराठी घरं ते सहसा उघडूनच बघत नाहीत: इथल्या सरकारी आणि अनुदानित शाळा. बारा वर्षांचं शिक्षण तिथे फुकट आहे आणि बहुतेक ठिकाणी माध्यम कँटोनीज. ज्यांच्या घरी चिनी बोलत नाहीत अशा मुलांसाठी 2014 पासून चिनी ‘दुसरी भाषा’ म्हणून शिकवण्याची चौकट आहे. इथे पिढ्यान् पिढ्या राहिलेली नेपाळी, पाकिस्तानी, भारतीय मुलं त्या वाटेने शिकतात. त्यातल्या काहींची कँटोनीज ऐकली की मला लाखभर डॉलर फी भरल्याची लाज वाटते.

हो, फीचं सांगायलाच हवं. आंतरराष्ट्रीय शाळेची वर्षाची फी एक लाख हाँगकाँग डॉलरच्या पुढे, अनेक ठिकाणी दोन लाखांच्याही पुढे. डॉलरचे दहा रुपये धरून गुणाकार ज्याचा त्याने करावा. त्यावर डिबेंचर किंवा ‘कॅपिटल लेव्ही’ नावाचा वेगळा आकडा असतो. काही डिबेंचर परत मिळतात, काही दरवर्षी झिजत जातात, काही पहिल्या दिवसापासून गेलेलेच. मी ऑडिटर असूनही एका करारातलं बारीक टाइपातलं वाक्य तीनदा वाचावं लागलं. तुम्ही चारदा वाचा.

व्हाउचर दाखवा

दुसरी शाळा शोधताना मी सहा शाळा पाहिल्या. सगळीकडे एकच दौरा: पोहण्याचा तलाव, रोबोटची खोली, नाटकाचा रंगमंच. मी दौऱ्यातून मागे राहायची आणि आपली व्हाउचरं मागायची. ती अशी.

एक, वही. ‘तिसरीतल्या एखाद्या मध्यम मुलाची चिनीची वही बघू का? सप्टेंबरची आणि मेची.’ हुशार मुलाची नको, ती सगळ्याच शाळा भिंतीवर लावतात. चौकटींच्या त्या वहीत सप्टेंबरात सुटी अक्षरं होती आणि मेमध्ये चार वाक्यांचा परिच्छेद आला असेल, तर भाषा चालते आहे. मेमध्येही चित्रात रंग भरणं चालू असेल तर आपण समजून घ्यावं. एका ठिकाणी मला वही दाखवायला पंधरा मिनिटं लागली आणि शेवटी दाखवली ती चौथीतली. मी आभार मानून निघाले.

दोन, गट. मुलांना घरच्या भाषेप्रमाणे वेगवेगळ्या चिनी वर्गांत बसवतात, आणि भारतीय मूल बहुधा नवशिक्यांच्या वर्गात जातं. हाँगकाँग हे येणाऱ्या-जाणाऱ्यांचं गाव. दर वर्षी त्या वर्गात कोरी मुलं येतात आणि गाडी पुन्हा ‘माझं नाव’, ‘लाल, पिवळा, निळा’ या स्टेशनावरून सुटते. रेवा रंगांची नावं तीन वर्षं शिकली. म्हणून विचारायचं: पहिलीपासून असलेलं मूल आणि यंदा पाचवीत आलेलं मूल एकाच वर्गात बसतं का? आणि खालच्या गटातून वरच्या गटात गेल्या वर्षी किती मुलं गेली?

तीन, शेवटची परीक्षा. हा सगळ्यांत खरा कागद. केंब्रिजच्या आयजीसीएसई या दहावीच्या सुमाराच्या परीक्षेत चिनीचे वेगवेगळे पेपर असतात: प्रथम भाषा, द्वितीय भाषा, आणि परकी भाषा म्हणून मँडरिन. आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या दोन वर्षांतही साहित्य वाचणाऱ्यांची ‘लँग्वेज ए’, भाषा शिकणाऱ्यांची ‘लँग्वेज बी’ आणि अगदी नवशिक्यांची ‘अब इनिशिओ’ अशी उतरंड आहे. ‘आमच्या मुलांना चिनीत ए ग्रेड मिळतात’ हे वाक्य ऐकलं की लगेच विचारायचं, कुठल्या पेपरात? पहिलीपासून शाळेत असलेलं, घरी चिनी नसलेलं मूल शेवटी परक्या भाषेचाच पेपर देत असेल, तर शाळेने आपल्याला दहा वर्षांचं उत्तर एका ओळीत दिलेलं असतं.

चार, ट्रॉली. चिनीच्या बाईंना स्वतःचा वर्ग आहे की त्या पुस्तकं ट्रॉलीवर घालून या वर्गातून त्या वर्गात फिरतात? पालकसभेत त्या पुढे बसतात की मागे? गणित, चित्रकला, खेळ यांतलं काही चिनीतून चालतं का? मूल गुडघा फोडून घेऊन आलं तर त्याच्याशी चिनीत बोलणारं कोणी आहे का? मी जो प्रश्न घेऊन फिरत होते तो हाच. चिनी फक्त चिनीच्या तासालाच लागत असेल, तर मुलं हुशार असतात, ती लगेच ओळखतात की ही भाषा चाळीस मिनिटांची पाहुणी आहे.

पाच, फाटक. शाळा सुटताना अर्धा तास फाटकाबाहेर उभं राहायचं. मुलं आपसात कुठल्या भाषेत भांडतात ते ऐकायचं. माहितीपत्रक कुठल्याही भाषेत छापता येतं, भांडण नाही.

इंग्रजीचं काय?

आपल्याकडे इंग्रजीची परीक्षा उच्चारावर होते. गोऱ्या बाई दिसल्या की निम्मी काळजी मिटते. मी स्वतः दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले, त्यामुळे हा मोह मला इतरांपेक्षा थोडा जास्तच होता. तो सोडायला वेळ लागला.

इंग्रजीलाही तोच प्रश्न लागू पडतो. ज्या शाळेच्या फाटकावर मुलं इंग्रजीत भांडतात तिथे बोलण्याची चिंता नाही. तिथे लिहिणं तपासायचं. ज्या शाळेत बहुतेक मुलं इथल्या घरांतली आहेत आणि मधली सुट्टी कँटोनीजमध्ये होते, तिथे इंग्रजीला वर्गाबाहेर काय काम आहे ते विचारायचं. दोन्ही ठिकाणी मी एकच गोष्ट मागत असे: मुलाने स्वतः लिहिलेला एक पानभर मजकूर, पहिल्या खर्ड्यापासून शेवटच्या प्रतीपर्यंत. शिक्षिकेने नुसतं लाल शाईने स्पेलिंग सुधारलं आहे, की ‘इथे तुला नक्की काय म्हणायचं होतं?’ असं विचारलं आहे? दुसरं म्हणजे ग्रंथालय. इंग्रजी पुस्तकांची कपाटं सगळ्याच शाळांत भरलेली असतात. मी पुस्तकं उघडून बघायची, कोपरे दुमडलेले आहेत का, पानांवर जेवणाचे डाग आहेत का. डाग पडलेलं ग्रंथालय चांगलं.

एक व्यावहारिक गोष्टही विचारून घ्यावी. परदेशांतून आलेल्या शिक्षकांचे करार बरेचदा दोन वर्षांचे असतात. इंग्रजीचे शिक्षक सरासरी किती वर्षं टिकतात, हे मुख्याध्यापकांना सरळ विचारायचं. चांगल्या मुख्याध्यापकांना आकडा तोंडपाठ असतो.

दोन भाषांच्या शाळेत इंग्रजी कच्ची राहील ही धास्ती मलाही होती. चौथी-पाचवीत रेवाचं इंग्रजी स्पेलिंग खरोखरच घसरलं. पण घरी रोज रात्री इंग्रजी पुस्तक वाचायचा नेम होता, शहर इंग्रजीने भरलेलं होतं, आणि सातवीपर्यंत ती तूट भरून निघाली. चिनीची तूट अशी आपोआप भरत नाही, कारण आमच्या घरात ती भरणारं कोणी नव्हतं.

किंमत

दुसऱ्या शाळेने रेवाला एक वर्ष मागे बसवलं. त्याआधी एका शाळेने ‘चिनी पुरेशी नाही’ म्हणून नकार दिला होता. ‘तीन वर्षं शिकली आहे ना?’ असं तिथल्या बाईंनी अगदी सौम्यपणे विचारलं, आणि मला उत्तर सुचलं नाही.

नव्या शाळेत अर्धा दिवस मँडरिनचा होता, गणितसुद्धा. दर शुक्रवारी ‘थिंगशिए’, म्हणजे आपलं श्रुतलेखन. गुरुवारी रात्री आमच्या घरात रडारड ठरलेली. वीस अक्षरं, प्रत्येक दहा-दहा वेळा, रेघांचा क्रम चुकला तर पुन्हा. सासूबाई सांगलीहून फोनवर म्हणायच्या, “अगं, लेकराला कशाला छळता? डॉक्टर-इंजिनिअर व्हायला चिनी कशाला लागते?” पहिल्या वर्षी माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. ज्यांना दोन-तीन वर्षांत परत जायचं आहे, त्यांना मी आजही सांगते की सासूबाई बरोबर होत्या. पहिल्या तऱ्हेची शाळा घ्या, मूल आनंदात ठेवा, चार गाणी शिकून या. अर्ध्या दिवसाची शाळा घ्यायची ती निदान पाच-सहा वर्षं मुक्काम असेल तरच.

मी तिच्या शेजारी बसून शिकायला लागले, आणि तिथे एक गंमत सापडली. पिनयिनमधला ‘बी’ म्हणजे आपला ‘प’ आणि ‘पी’ म्हणजे प-मध्ये हवा फुंकलेला उच्चार. म्हणून बीजिंग खरं म्हणजे ‘पेइचिंग’. इंग्रजी वळणाच्या मुलांना हा भेद सांगून सांगून शिक्षिका दमतात. आपण तर क-ख, त-थ यांवरच वाढलेलो. त्याहून मजा ‘च’ची. ‘चार’ म्हणताना आपण एक ‘च’ उच्चारतो आणि ‘पाच’ म्हणताना दुसरा. लिहितो मात्र एकच. चिनीतही ते दोन वेगळे आहेत. ‘घर’ या अर्थाचा ‘चिआ’ चारमधल्या ‘च’ने सुरू होतो आणि ‘सकाळ’मधला ‘चाओ’ पाचमधल्या ‘च’ने. हे सांगितल्यावर रेवा दिवसभर ‘चार-पाच, चार-पाच’ करत घरभर फिरली. मराठी तिला पहिल्यांदाच शाळेच्या कामाला आली होती.

2020 मध्ये चिनी नववर्षाच्या सुट्टीनंतर शाळा उघडल्याच नाहीत आणि वर्ग स्वयंपाकघरातल्या टेबलावर आला. कुठलीही शाळा पालकांना एरवी दाखवणार नाही ते व्हाउचर मला महिनोन्महिने दिसत राहिलं. त्या वर्गात रेवा चुकीच्या सुरात, पण हुज्जत घालत होती. गणिताच्या बाई चिनीत काहीतरी म्हणाल्या आणि ती स्वतःहून, कोणी न सांगता, ‘नाही, कारण…’ असं चिनीत म्हणाली. ‘कारण’ हा शब्द कुठल्याही भाषेत आपोआप येत नाही. त्याच सुमारास लिफ्टमध्ये नवा कागद लागला. नव्या शाळेत पारंपरिक लिपी होती. तिने तो वाचला, चार-दोन अक्षरं अडली, ती पो-पोंना विचारली, आणि आम्ही आदल्या रात्री बादल्या भरून ठेवल्या.

कँटोनीज मात्र तिला कुठल्याच शाळेने शिकवली नाही. ती आली हुंग हॉम भागातल्या मिनिबसमधून. बऱ्याच मिनिबसना घंटा नसते. उतरायचं असेल तर ड्रायव्हरला ओरडून सांगावं लागतं. मी आजही लाजून दोन स्टॉप पुढे उतरते. रेवा मागच्या सीटवरून ‘याउ लोक!’ अशी आरोळी ठोकते आणि बस थांबते. भाषेला काम असलं की ती अशी येते.

आणि मराठी?

इतरांच्या शाळांचं ऑडिट करता करता एक दिवस मी आपल्या घराचं केलं. रेवाला मराठी ‘येत’ होती, म्हणजे समजत होती. पण तिच्या दिवसात मराठीला काम काय होतं? ‘जेवायला ये’, ‘अभ्यास कर’, आणि रविवारी फोनवर आजीला ‘मी बरी आहे’. हे तर आठवड्याचे चार तासही नव्हते. पहिल्या शाळेवर मी ज्या कलमाखाली ठपका ठेवला होता, त्याच कलमाखाली मी सापडले.

सासूबाईंनाच मी मदतीला घेतलं. त्या आता स्वयंपाकाचं काहीही मला सांगत नाहीत, रेवाला कळवतात, आणि तेही लिहून. कागदावर पेनाने लिहायचं, फोटो काढायचा, पाठवायचा. त्यांचं अक्षर तिरकं, जोडाक्षरं घाईतली. रेवाने वाचून दाखवलं तरच घरात तो पदार्थ होतो.

गेल्या दिवाळीआधी गोड्या मसाल्याची यादी आली. रेवा सोळा वर्षांची झाली आहे. तिने बोट ठेवून एकेक ओळ वाचली: धणे, तीळ, सुकं खोबरं, दालचिनी, चक्रफूल, दगडफूल. मग पिशवी घेऊन आम्ही खालच्या सुक्या मालाच्या दुकानात गेलो. वाळवलेले मासे, मश्रूम आणि बिया टांगलेलं ते दुकान. मालक काटा घेऊन बसलेले, पाटी सगळी चिनीत. मी बाहेरच उभी राहिले. आत रेवा कँटोनीजमध्ये भाव करत होती. चक्रफुलाला ते ‘पात कोक’ म्हणतात, म्हणजे आठ शिंगं. तिने चक्रफुलाची एक पाकळी मोडून वास घेतला, आजीच्या कागदाकडे एकदा पाहिलं, आणि जुना माल आहे म्हणून दुसरा मागितला. मालकांनी कुरकुरत मागचा डबा काढला.

दगडफूल तिथे मिळालं नाही. ते सांगलीहूनच मागवावं लागलं.